विहाराच्या भिंतीवर कोणते चित्र? वारली चौकाच्या निमित्ताने कलेविषयी थोडे

मार्च महिन्यातली गोष्ट आहे. बोईसरजवळच्या एका वस्तीतील विहाराचे प्लास्टर नुकतेच पूर्ण झाले होते. भीमजयंतीच्या आधी भिंती रंगवून घ्यायच्या म्हणून रविवारच्या वंदनेनंतर बैठक बसली. तारापूर एमआयडीसीत पाळीवर जाणारी मुले, कॉलेजच्या तीन मुली, महिला मंडळाच्या ताई आणि मी, असे पंधरा-सोळा जण होतो. एका मुलीने मोबाईलवर वारली चित्राचा नमुना दाखवला आणि म्हणाली, "हे काढू या, स्वस्तात होईल, मीच काढते." त्यावर एक कार्यकर्ते म्हणाले, "ताई, ही आपली कला नाही. त्यात देवी असते. विहारात कशाला?" तिसरा एक तरुण हसून म्हणाला, "ही कला तरी आहे का? गोल आणि त्रिकोण तर बालवाडीतली पोरंही काढतात."

बैठक त्या दिवशी निर्णयाविना संपली. मला मात्र तिसरे वाक्य घरी आल्यावरही सोडेना. कारण अगदी हेच वाक्य आपल्याबद्दलही बोलले जाते. भीमगीत म्हणजे नुसता आरडाओरडा, चौकातला पुतळा म्हणजे राजकारण, जलसा म्हणजे प्रचार, असे आपण कारखान्यात, कॉलेजात, शेजारीपाजारी ऐकतो आणि दुखावतो. मग आपण राहतो त्या जिल्ह्यातील आदिवासींच्या कलेबद्दल आपल्याच तोंडून तसे वाक्य का यावे? म्हणून कला कोण घडवते, तिचा अर्थ कोण लावते आणि तिचे मोल कोण ठरवते, याचा विचार आपल्या शेजारच्या उदाहरणावरून करू या.

चौक म्हणजे काय?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, पालघर या तालुक्यांत वारली समाज मोठ्या संख्येने राहतो. आज साडीवर, कपावर, स्टेशनच्या भिंतीवर दिसणाऱ्या वारली चित्राचे मूळ या समाजातील लग्नघरात आहे.

कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने लिंपतात, त्यावर गेरूचा हात फिरवतात. तांदूळ वाटून, पाण्यात कालवून पांढरा रंग तयार होतो. बांबूची बारीक काडी टोकाला चावून मऊ केली की ती कुंचल्याचे काम करते. लग्नाच्या वेळी सवाष्ण बायका भिंतीवर चौक काढतात. चौकोनी चौकटीच्या मध्यभागी पालघाट ही देवी असते आणि भोवती झाडे, डोंगर, जनावरे, शेतात राबणारी माणसे, तारप्याच्या तालावर नाचणारा फेर असतो. लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते आणि तिची गाणी चित्राइतकीच महत्त्वाची असतात. चौक काढल्याशिवाय लग्न पुरे होत नाही.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की हे चित्र काढणे, गाणे, नाचणे आणि लग्न लावणे वेगवेगळे काढता येत नाही. "चित्रकार" नावाचा वेगळा माणूस आणि "प्रेक्षक" नावाची वेगळी माणसे तिथे नसतात. दुसरी गोष्ट, हे चित्र जपून ठेवण्यासाठी काढलेले नसते. भिंत पुन्हा सारवली की ते जाते, पुढच्या लग्नात नवे येते. त्यामुळे ही कला नक्की किती हजार वर्षांची आहे याचे छातीठोक आकडे कुणी सांगितले तर सावध राहावे. शेणामातीची भिंत इतकी वर्षे टिकत नाही. मात्र पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातांनी ही रीत पुढे नेली आहे, हे निश्चित.

आणि ते गोल, त्रिकोण? दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड होते. वरचा त्रिकोण किंचित कलला की तोच माणूस वाकून भात लावू लागतो, ओझे उचलतो, नाचतो. शरीराचा तोल एवढ्या कमी रेषांत पकडणे किती अवघड आहे हे कळायचे असेल तर पेन्सिल घेऊन एकदा करून पाहावे. त्या तरुणाला मी पुढच्या रविवारी तेच सांगितले. त्याचा माणूस तीनदा काढूनही खांबासारखा ताठच उभा राहिला!

भिंतीवरून कागदावर

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले. त्याआधी १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी त्यांना बिहारमध्ये मिथिलेला पाठवले होते. तिथल्या बायकांना कागद देऊन भिंतीवरची चित्रे कागदावर आणण्याचे काम त्यांनी केले होते. तोच प्रयोग त्यांनी इथे केला.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे या काळात पुढे आले. १९३४ सालचा त्यांचा जन्म. लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणे बंद झाले आणि ते मातीत रेघोट्या ओढून आपले म्हणणे सांगू लागले, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. ते लग्नापुरते थांबले नाहीत, रोज चित्र काढू लागले. मासेमारीचे भलेमोठे जाळे, मुंग्यांची रांग, शेत, गोष्टी, सगळे कागदावर आले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने जगभरातील कलावंतांचे जे गाजलेले प्रदर्शन भरवले त्यात त्यांचे काम होते. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचे काम मांडले गेले. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

हे सगळे अभिमानाचे आहे. पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. जी कला पिढ्यान्‌पिढ्या बायकांची होती, ती कागदावर येऊन बाजारात गेली तेव्हा नावे पुरुषांची का झाली? प्रवास करणे, शहरात राहणे, व्यवहाराचे बोलणे या गोष्टी पुरुषांना सोप्या होत्या. सही करण्याची गरजही भिंतीवर कधी पडली नव्हती. जिव्या म्हसे यांची थोरवी त्याने कमी होत नाही. पण ज्यांच्या हातून ते शिकले त्या बायकांची नावे कुठेच नाहीत, हेही तितकेच खरे आहे. आपल्या घरात ओव्या, पाळणे, भीमगीते म्हणणाऱ्या आयांची नावे तरी आपण कुठे लिहून ठेवली?

एका चित्राचे अनेक अर्थ

आता तोच चौक वेगवेगळी माणसे कशी पाहतात ते बघा. नवरीच्या घरच्यांसाठी तो लग्नाचा आवश्यक भाग आहे. मुंबईतल्या दिवाणखान्यात तो "साधे, निसर्गाशी एकरूप आयुष्य" म्हणून टांगला जातो. कुर्ते विकणाऱ्यासाठी ती फक्त नक्षी आहे. यशोधरा डालमिया यांच्यासारख्या अभ्यासकांसाठी तो एका समाजाची सृष्टीकडे बघण्याची रीत आहे. त्यांचे वारली चित्रांवरचे इंग्रजी पुस्तक १९८८ मध्ये आले.

यातला दिवाणखान्यातला अर्थ मला सगळ्यात जास्त खटकतो. कारण याच लग्नाशी जोडलेली एक प्रथा होती. तिचे नाव लग्नगडी. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. ते फिटायचेच नाही. १९४५ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्यासोबत वारली उठले आणि त्यांनी वेठबिगार आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढली. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्याच लढ्याचे आहे. आपल्या प्रत्येक विहाराच्या वाचनालयात ते असायला हवे. ज्या भिंतीवर आनंदाचा फेर रंगला त्याच घरातली माणसे त्या लग्नापायी गुलाम होत होती, हे ठाऊक झाले की "साधे आणि सुखी" हे शब्द तोंडातून सहज निघत नाहीत.

अर्थ लावण्याचे आणखी एक उदाहरण गंजाडचेच आहे. छायाचित्रकार गौरी गिल आणि वारली चित्रकार राजेश चैत्या वांगड यांनी २०१३ पासून मिळून एक मालिका केली. गिल यांनी त्या परिसराचे फोटो काढले. वांगड यांनी त्याच फोटोंवर रेषा काढल्या. फोटोत रिकामे माळरान, झाडे, वाट एवढेच दिसते. वांगड यांच्या रेषांमधून तिथल्या गोष्टी, आठवणी, तोडलेले जंगल, घडलेले प्रसंग वर येतात. बाहेरच्या माणसाला जी जागा ओसाड वाटते ती तिथे राहणाऱ्याला गजबजलेली दिसते. आपण जे पाहतो त्यात आपले जगणे मिसळलेले असते, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

बुरुड राजाचा कोट

हे फक्त आदिवासी कलेबाबतच होते असे नाही. आपल्याच जिल्ह्यात नालासोपाऱ्याला स्तूप आहे. प्राचीन काळी सोपारा हे मोठे बंदर होते. शतकानुशतके तो स्तूप झाडाझुडपांत गडप होता आणि आसपासचे लोक त्या टेकाडाला "बुरुड राजाचा कोट" म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केले. आत दगडी करंडक, त्यात एकात एक ठेवलेले धातूंचे करंडक आणि भोवती आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. सात बुद्धांच्या आणि एक मैत्रेयाची. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये मिळाला.

लोक अडाणी होते म्हणून त्यांनी स्तूपाला कोट म्हटले, असे समजू नये. ज्यांच्याकडून धम्माची ओळखच हिरावली गेली होती त्यांनी दिसणाऱ्या आकाराला आपल्या माहितीतला अर्थ दिला. वास्तू तीच राहिली. तिला वाचणारी माणसे बदलली की अर्थ बदलतो. म्हणूनच आपले कार्यकर्ते लेण्यांवर जाऊन तरुणांना शिलालेख समजावतात ते काम मोलाचे आहे. अर्थ पुढच्या पिढीला शिकवावा लागतो, नाहीतर तो हरवतो.

बौद्ध कलेतच किती रीती आहेत ते पाहा. सांचीच्या तोरणांवर बुद्धाची मानवी मूर्ती नाही. बोधिवृक्ष, रिकामे आसन, पाऊलखुणा, धम्मचक्र यांतून बुद्ध सुचवला आहे. पुढे गांधार आणि मथुरेत मूर्ती घडल्या. गांधारच्या मूर्तीच्या चिवराच्या घड्यांत ग्रीक-रोमन शैलीची छाया दिसते, मथुरेची मूर्ती वेगळ्या धाटणीची आहे. यातली खरी बौद्ध कला कोणती? सगळ्याच. अजिंठ्याच्या भिंतीही माती, भुसा आणि तंतू यांच्या गिलाव्यावरच रंगवल्या आहेत. वारली कुडाची भिंत आणि अजिंठ्याची भिंत यांचे सामान फार लांबचे नाही.

कला ठरवते कोण?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात एक साधी गोष्ट मांडली. कलाकृती एकटा कलावंत करत नाही. रंग बनवणारा, पैसे देणारा, प्रदर्शन भरवणारा, समीक्षा लिहिणारा, पाहणारा, या सगळ्यांच्या कामातून ती "कला" होते. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीवकाम केल्याचा लेख आहे. कान्हेरीच्या लेखांत सोपारा, कल्याण इथल्या दात्यांची नावे आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी या सामूहिक श्रमाची नोंद दगडात केली होती.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ मध्ये दुसरी बाजू दाखवली. कुणाला काय आवडते हे ज्याच्या-त्याच्या मनाचे वाटते, पण त्यामागे घर, शिक्षण आणि वर्ग असतो. वरच्या वर्गाची आवड "अभिरुची" ठरते आणि खालच्यांची आवड "भडक". आपल्या देशात यात जात मिसळली की चित्र पूर्ण होते. त्यामुळेच बंद सभागृहातले गाणे संगीत ठरते आणि वस्तीतले गाणे गोंगाट. वामनदादा कर्डक शाळेत गेले नाहीत, मोठेपणी अक्षरे शिकले आणि आयुष्यभर गावोगाव गाणी घेऊन फिरले. त्यांच्या गाण्यांनी किती माणसे उभी राहिली हे आपण जाणतो. पण मराठी कवितेच्या चर्चेत त्यांना जागा मिळायला किती वेळ लागला!

पुतळ्याचेही तसेच. कोल्हापूरच्या बिंदू चौकात १९५० मध्ये, बाबासाहेब हयात असतानाच, त्यांचा पुतळा उभा राहिला. १९६७ मध्ये संसदेच्या आवारात शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा आला. सूट, हातात संविधान, उंचावलेले बोट ही ठेवण गावागावांत पोहोचली. त्या बोटाचा अर्थ कुणी "सत्तेकडे चला" असा लावतो, कुणी "पुढे बघा" असा. बाहेरचा माणूस म्हणतो, सगळे पुतळे सारखेच. आपल्याला ठाऊक आहे की ज्या गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हते त्या गावाच्या चौकात हा सूट घातलेला माणूस उभा आहे, यातच त्याचे सौंदर्य आहे.

आपल्याला हे कळते. मग गोल-त्रिकोणाला हसताना आपण कुणाच्या डोळ्यांनी पाहत असतो?

कौतुक करणे म्हणजे उचलणे नव्हे

आता त्या मुलीच्या सूचनेकडे येऊ. तिचा हेतू चांगला होता. पण मोबाईलवरून उतरवून घेणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी अर्ज केला होता. या मानांकनाने कुणाला गोल-त्रिकोण काढायला बंदी होत नाही. मात्र "वारली चित्रकला" या नावाने धंदा करण्याचा हक्क त्या परिसरातल्या, त्या परंपरेतल्या लोकांचा आहे, याला कायद्याचा आधार मिळतो. तरीही बाजारात यंत्रावर छापलेली वारली नक्षी मीटरने विकली जाते आणि पाड्यावरच्या बाईला त्यातला रुपया मिळत नाही.

मी कामानिमित्त डहाणू तालुक्यातल्या ज्या पाड्यावर जाते तिथल्या एका मावशींना विचारले की आमच्या विहारात तुमचे चित्र काढले तर चालेल का. त्या म्हणाल्या, "ताई, लग्नाचा चौक नको. तो लग्नाचाच. शेत काढा, नाच काढा, झाडं काढा. पण आम्हाला बोलवा ना." एवढ्या उत्तरात दोन्ही प्रश्न सुटले. देवीचा चौक विहारात आणायचा नाही, हे आमच्या कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. तो चौक लग्नघराबाहेर न्यायचा नाही, हे मावशींचे म्हणणे होते. बावीस प्रतिज्ञा पाळणारा माणूस त्या देवीची पूजा करणार नाही. पण तिच्याभोवती बायकांनी जपलेली रेषा समजून घ्यायला, तिचा मान राखायला प्रतिज्ञा कुठे आड येते?

मग पैशाचा विषय निघाला. "चहा-नाश्ता देऊ, प्रवासखर्च देऊ" असे कुणी तरी म्हणाले. त्यावर महिला मंडळाच्या एक ताई म्हणाल्या, "आपल्या गायकाला बिदागी कमी दिली की आपण भांडतो. मग यांना फुकट कसं राबवायचं?" वर्गणीतून रीतसर मजुरी ठरली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मावशी आणि त्यांची भाची आल्या. दर्शनी भिंतीवर आमच्या मुलांनी बोधिवृक्ष आणि धम्मचक्र काढले. बाजूच्या भिंतीवर त्या दोघींनी भातलावणी आणि तारप्याचा फेर काढला. खाली दोघींची नावे लिहिली. मावशींनी आपले नाव भिंतीवर पहिल्यांदाच पाहिले. तो गोल फेर पाहून आमच्या एक आजी म्हणाल्या, "हे पण चक्रच की." मावशी हसल्या, "नाही हो आजी, नाच आहे." आजींनी आपला अर्थ सोडला नाही, मावशींनीही नाही.

आपल्या मंडळांनी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. परिसरातली कला वापरायची तर ती ज्यांची आहे त्यांना बोलवा, मोबदला द्या, नाव लिहा. कुठले चित्र कुठे चालते ते त्यांनाच विचारा. आपल्या वस्तीतल्या गाणाऱ्या आयांची गाणी ध्वनिमुद्रित करून त्यांच्या नावानिशी जपा. आणि एक सूचना. वामनदादा कर्डक गेले ते १५ मे २००४ रोजी. जिव्या सोमा म्हसे गेले तेही १५ मे रोजीच, २०१८ साली. पालघर-बोईसर परिसरातील मंडळांनी त्या दिवशी दोघांचा स्मृतिदिन एकत्र करायला काय हरकत आहे? एकाची गाणी, एकाची चित्रे आणि दोन्ही वस्त्यांतली माणसे एका मांडवात. आमच्या विहारात येत्या १५ मे पासून सुरुवात करायचे ठरले आहे. मावशींनाही निरोप गेला आहे.

जयभीम!